लॉनमधली उघडी जागा : एका वर्षाच्या नोंदी

१७ मार्च २०२४, रविवार

मुलीच्या तळपायात आज पुन्हा सराटा रुतला. या महिन्यातली तिसरी वेळ. तिला अनवाणी पळता यावं म्हणून घरापुढे लॉन लावलं, आणि आता तीच चप्पल घालून कडेला उभी राहते. हे काम नीट हाती घ्यायचं आणि वहीत लिहीत जायचं, असं ठरवलं आहे.

आधीची हकीकत. गाव हिंगणघाट तालुक्यातलं, जमीन भारी काळी. घराचं बांधकाम २०२३ च्या उन्हाळ्यात संपलं आणि त्याच पावसाळ्यात नागपूरच्या एका नर्सरीतून कार्पेट लॉनचे चौकोन आणून अंथरले. जागा ३० बाय २४ फूट, म्हणजे ७२० चौरस फूट. दिवाळीपर्यंत सुरेख होतं. संक्रांतीनंतर जागोजागी माती दिसू लागली, आणि माती दिसली तिथे तण आलं. आम्ही उपटत गेलो. उपटलं की ती जागा आणखी मोकळी व्हायची, मग तिथे आणखी तण.

आज सुतळी बांधून सगळ्या लॉनचे ३ बाय ३ फुटांचे ८० चौकोन पाडले आणि गणिताच्या चौकटीच्या वहीत नकाशा काढला. ज्या चौकोनात तळहाताएवढी तरी माती उघडी आहे, तिथे फुली. एकूण ३१ फुल्या, सात गटांत. मग तण जास्त आहे तिथे गोल काढले. जवळजवळ सगळे गोल फुल्यांवरच पडले. फक्त दोन गोल दाट गवतात आहेत, आणि तिथे लव्हाळ्याशिवाय दुसरं काही नाही.

नकाशा समोर ठेवून बराच वेळ बसले. दोन महिने आम्ही तणाच्या मागे होतो. गवत तिथून का गेलं, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

२४ मार्च, होळी

सकाळी सब्बल (पहार), खुरपं आणि बादलीभर पाणी घेऊन एकेक चट्टा तपासला.

पहिला, फाटकापासून पायऱ्यांपर्यंत तिरपा. फरशीची वाट सरळ जाऊन काटकोनात वळते, माणसं मात्र तिरपीच जातात. इथे सब्बल दोन बोटंसुद्धा आत गेली नाही. ओतलेलं पाणी पसरलं आणि तसंच उभं राहिलं.

दुसरा, मोटारसायकल लावतो तो. स्टँडचे खड्डे आणि ऑइलचे डाग.

तिसरा कडुनिंबाखालचा, सर्वांत मोठा, ९ चौकोनांचा. दिवसभर दर तासाला ऊन पाहिलं. जेमतेम अडीच तास मिळतं. आपल्या लॉनचं गवत म्हणजे हरळीचीच निवडलेली बारीक पानांची जात. तिला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. सावलीत ती वर वर लांबते, विरळ होते आणि मरते. इथे खत टाकून, पाणी देऊन काही होणार नव्हतं, आणि आम्ही इतके महिने तेच दिलं.

चौथा नळाच्या कोपऱ्यात. वॉशर गेल्यामुळे नळ ठिबकतो, माती कायम ओली, लव्हाळा मातलेला.

पाचवा आणि सहावा खणून पाहिला. दोन बोटांखाली सिमेंटचा थर, विटांचे तुकडे, गिट्टी. बांधकामाच्या वेळी माल इथेच कालवत होते. कार्पेट अंथरलं तेव्हा वरून माती पसरलेली होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

सातवा मधोमध, खाटेएवढा. हा सगळ्यांत शिकवणारा निघाला. कडेचं गवत धरून ओढलं तर चटईसारखं उठून आलं. नर्सरीतून गवताबरोबर आलेली लाल माती इंचभर जाड, आणि मुळं तेवढ्यातच गुंडाळलेली. खालच्या काळ्या मातीत एकही मूळ उतरलेलं नाही. त्या काळ्या मातीला हात जाईल एवढी भेग. आपली माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, वावरात दर उन्हाळ्याला आपण ते पाहतोच. खाली भेग पडली, वरचं गवत अधांतरी राहिलं आणि वाळलं.

मुळं खाली न जाण्याचं एक कारण आम्हीच. रोज संध्याकाळी पाइपने दहा मिनिटं शिंपडायचो. पाणी वरच्या इंचातच राहायचं, मग मुळांनी खाली कशाला जायचं?

३१ मार्च

लॉनमध्ये काय काय उगवलं आहे त्याची यादी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, घेऊन केली. त्यांना सगळी नावं तोंडपाठ. सराटा, दुधी, घोळ, हजारदाणी, कंबरमोडी, माठ. भिंतीकडेला मागच्या वर्षीच्या तरोट्याच्या वाळक्या काड्या. फाटकाबाहेर गाजरगवत. आणि लव्हाळा.

सराटा, दुधी, घोळ ही सगळी उघड्या, तुडवलेल्या, उन्हाने तापलेल्या जमिनीवरची. दाट गवताच्या सावलीत त्यांचं बी उगवतच नाही. लव्हाळ्याचं तसं नाही. त्याची जमिनीत गाठींची माळ असते, आणि तो दाट गवत भेदूनही वर येतो. म्हणून कामं दोन आहेत. एक, उघडी जागा झाकणं. दुसरं, लव्हाळा. दोन्हींची रीत वेगळी.

मामाजी ओट्यावरून म्हणाले, "साठ वर्सं वावरातून हराळी काढता काढता हात झिजले माहे, अन् तू थेच आंगनात लावून रायली!" मग खाली उतरून त्यांनीच माती चिमटीत घेऊन पाहिली. "जमीन उघडी रायली का तिच्यावर काही ना काही येतेच, पोरी. तू नाही लावलं तं वारा लावते."

१४ एप्रिल

पाचवा आणि सहावा चट्टा ९ इंच खोल खणून काढला. मलबा २२ टोपली निघाला. सिमेंटचे थर सब्बलनेच फोडावे लागले. खड्डा वावरातली काळी माती आणि खत, तीनास एक असं मिसळून भरला. वाळू मुद्दाम घातली नाही. चिकण काळ्या मातीत थोडीशी वाळू घातली तर माती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी बसते. मोकळं करतं ते कुजलेलं खत.

खताबद्दल लिहून ठेवते, कारण मागच्या वर्षी चूक इथेच झाली. तेव्हा उकिरड्यावरचं अर्धवट कुजलेलं शेणखत लॉनवर पसरलं होतं. जनावरांनी खाल्लेल्या कितीतरी तणांचं बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. तरोट्याचं तर कवचच टणक. ढीग आतून चांगला तापला, वर-खाली केला आणि पुरता कुजला, तरच ते बी मरतं. तरोटा आणि माठ आम्ही स्वतःच्या हाताने पेरला होता. या वेळी दोन वर्षं जुनं, हातात घेतलं तर चहापत्तीसारखं भुरभुरणारं आणि शेणाचा वास नसलेलं खत घेतलं, आणि तेही चाळून.

दर्यापूरच्या नणंदेने फोनवर जिप्सम टाकायला सांगितलं. त्यांचा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथल्या मातीत सोडियम जास्त, जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं, म्हणून त्यांना गुण येतो. आपली माती सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून आणली. सामू (पीएच) ८.१, क्षार मर्यादेत. जिप्समची गरज नाही, पैसे वाचले.

२१ एप्रिल

आज मातीवर पन्नी (प्लॅस्टिकचा कागद) घातली, उन्हाने माती तापून तणाचं बी मरावं म्हणून.

चौथ्या ते सातव्या चट्ट्यातली आणि लव्हाळ्याच्या दोन गोलांतली, मिळून १४ चौकोनांची जागा. आधी माती वितभर मोकळी करून ढेकळं फोडली, सपाट केली, भरपूर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी वाफसा आल्यावर २५ मायक्रॉनची पारदर्शक पन्नी ताणून अंथरली आणि चारही कडा मातीत गाडल्या, हवा आत जाणार नाही अशा. सहा आठवडे ठेवायची.

पन्नी काळी का नाही, असं ह्यांनी विचारलं. काळी स्वतः तापते. पारदर्शकमधून ऊन आत जातं, मातीच तापते आणि ती उष्णता अडकून राहते. माती ओली हवी, कारण ओलीत उष्णता खोल जाते आणि फुगलेलं बी कोरड्या बीपेक्षा लवकर मरतं. आपला उन्हाळा सगळ्यांना नकोसा, या एका कामाला मात्र यापेक्षा चांगला उन्हाळा मिळणार नाही.

नळाचं वॉशर बदललं. दहा रुपयांचं काम, वर्षभर राहिलं होतं.

५ मे

कडुनिंबाखालच्या ९ चौकोनांचा निर्णय झाला. तिथे लॉन नाही.

आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं पहिल्यापासून हेच होतं. त्यांच्या सासरच्या जुन्या घरी कडुनिंबाखाली सारवलेलं अंगण होतं, आणि सारवलेल्या अंगणात तण येत नाही. मी ऐकून सोडून दिलं होतं. आज विटांची कड उभी गाडली, सहा इंच खोल, हरळीच्या धावत्या फांद्या आत शिरू नयेत म्हणून. आतलं मरतुकडं गवत काढलं, मुरूम पसरून धुम्मसने ठोकला. वरून आत्याबाईंनी स्वतः शेणामातीने सारवलं. संध्याकाळी खाट तिथेच टाकली.

तिरप्या पायवाटेचंही तसंच. लोकांना सरळ चालायला सांगून झालं, उपयोग नाही. लोक चालतात तिथेच आता पाऊलभर अंतरावर शहाबादी फरशीचे तुकडे बसवले, गवताच्या पातळीला. फटींत गवत वाढेल. मोटारसायकल फाटकाजवळच्या मुरमावर गेली.

१२ मे

शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून दुपारी तीनला दोन इंच खोल माती मोजली. पन्नीखाली ५३ अंश, शेजारच्या उघड्या मातीत ४४.

पन्नी एका ठिकाणी मांजरीने फाडली होती, चिकटपट्टी लावली. नळ तिसऱ्या दिवशी येतो आहे. सगळ्या लॉनला इंचभर पाणी द्यायचं तर जवळजवळ १,७०० लिटर लागतात. गावात पिण्याच्या पाण्याची मारामार असताना ते देणं मनाला पटत नाही. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडून झोपते, तिच्या जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात. दहा-बारा दिवसांतून एकदा, चतुर्थांश पाणी, पहाटे. बाकी तिला झोपू द्यायचं.

९ जून

मृग लागला आणि काल रात्री पाऊस चांगला झाला. पन्नी गेल्या रविवारी काढली, धुऊन घडी करून ठेवली.

संध्याकाळी कडुनिंबावर भुंगे घोंघावत होते. हे हुमणीचे. पहिल्या जोराच्या पावसानंतर जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. त्यांच्या अळ्या गवताची मुळं खातात आणि श्रावण-भाद्रपदात लॉनला पिवळे चट्टे पडतात. खाली लुगडं पसरून फांद्या हलवल्या, पडलेले भुंगे रॉकेलच्या पाण्यात टाकले. तीन रात्री हेच करायचं आहे. मुलीने बॅटरी धरली.

२३ जून

पन्नीचा निकाल. लगेच गवत लावलं नाही, दोन आठवडे मुद्दाम थांबले. जे उगवायचं ते आधी उगवू दे.

पन्नीखालच्या जागेत बियांपासून आलेलं तण जवळजवळ नाहीच. १४ चौकोनांत मोजून १९ रोपं. ताडून पाहायला शेजारी एक उघडा चौकोन मुद्दाम तसाच सोडला होता. त्या एकट्यात ६० च्या वर.

पण लव्हाळा आला. पन्नीखालूनही आला. उष्णता वरच्या तीन-चार इंचांतल्या बिया मारते, खोल गाठी वाचतात. एक कोंब खणत गेले. काही इंचांवर पहिली गाठ, तिला दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ, असं करत नऊ इंचांवर चौथी. जगातल्या सगळ्यांत वाईट तणांच्या यादीत तज्ज्ञांनी पहिलं नाव याचंच घातलं आहे. खणून पाहिल्यावर त्याचं कारण कळतं. वरून उपटला की दोरा तुटतो, आणि आतापर्यंत वरच्या कोंबाच्या दबावाखाली झोपलेली प्रत्येक गाठ वेगळी जागी होते. दोन महिने आम्ही उपटून त्याला वाढवत होतो.

ओळख लिहून ठेवते, मुलीसाठीही. गवताची कांडी बोटांत फिरवली तर गोल लागते. लव्हाळ्याची फिरत नाही, तीन कडा लागतात. लॉन कापल्यावर दोन दिवसांत जो सगळ्यांच्या वर डोकं काढतो, तो लव्हाळा.

३० जून

आज लावणी. नवीन कार्पेट आणलं नाही. त्या लाल मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. दाट गवतातले ते दोन गोल कार्पेटच्या मधोमध होते. आपल्याच लॉनच्या दाट भागातून फांद्या काढल्या. पाचव्या चट्ट्यात मात्र वावराच्या धुऱ्यावरची (बांधावरची) हरळी लावून पाहते आहे. तिचं पान जाड, पण या मातीत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहे. बादलीत मुळं धुऊन, गाठ आहे का पाहून, मगच लावली.

रीत : दोन-तीन डोळ्यांची फांदी, चार बोटं अंतर, दोन डोळे मातीत, टोक वर, पायाने दाबायचं. निंदणाला येणाऱ्या दोन बाया मदतीला होत्या. त्यांचा हात यात इतका बसलेला की माझ्या एका ओळीत त्यांच्या तीन व्हायच्या. त्यातल्या मोठ्या काकूंनी सांगितलं ते महत्त्वाचं : उरलेल्या कांड्या उकिरड्यावर टाकू नका, खतातून वावरात जातील आणि मग आम्हालाच निंदावं लागेल. सगळा उरला-सुरला कचरा टिनावर वाळत घातला. लव्हाळ्याच्या गाठीही तिथेच.

आजची लव्हाळ्याची मोजणी : १६४ कोंब.

२८ जुलै

दर पंधरा दिवसांनी लव्हाळ्याचा फेरा. कोंब वर आल्यापासून तीनेक आठवड्यांत तो खाली नवीन गाठी धरू लागतो. त्याच्या आत काढला की गाठीतला साठा खर्च होतो, भर पडत नाही. म्हणून पंधरा दिवस. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना अरुंद खुरपं शेजारून तिरपं घालायचं, गाठीसकट उचलायचं. आणि खड्डा मोकळा ठेवायचा नाही. चिमूटभर खत, हरळीची एक फांदी, पायाने दाब. कमरेला टोपली बांधते. एका कप्प्यात काढलेलं, दुसऱ्यात लावायचं.

मोजणी : १४ जुलैला १२१, आज ९७.

गावातल्या एकांनी टू-फोर-डी हे तणनाशक मारायला सांगितलं. रुंद पानांचं तण जातं, गवताला काही होत नाही, हे खरं आहे. पण भिंतीपलीकडे पंधरा फुटांवर आपलीच कपाशी आहे. कपाशी या औषधाला फार हळवी. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीही तिची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली आणि अरुंद होतात, पात्या-फुलं गळतात. ज्या पंपाने ते मारलं तो नीट न धुता कपाशीला वापरला तरी हेच होतं. शिवाय इथे मुलगी लोळते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती माणसं गेली, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. ७२० चौरस फुटांसाठी मी पंप पाठीला लावणार नाही, कुणाला लावायलाही सांगणार नाही.

१८ ऑगस्ट

शाळेत गाजरगवत जागृती सप्ताह सुरू आहे, १६ ते २२ ऑगस्ट. १९५५ च्या सुमारास पुण्यात या गवताची नोंद झाली, आणि आज आपल्या प्रत्येक पांदणीवर ते आहे. एक झाड हजारो बिया सोडतं, बी वाऱ्यावर जाते. फाटकाबाहेरचं सगळं फुलावर येण्याआधी काढलं, हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून. मुलांना हात लावू दिला नाही. अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात तरोट्याचं बी टाकायचं मामाजींनी सुचवलं. तरोटा दाट आला की गाजरगवत दबतं, आणि कोवळा असताना भाजी होते. पण तिथून तो लॉनमध्ये येईल म्हणून मी झेंडू लावला.

पाचवा चट्टा, धुऱ्याच्या हरळीचा, पूर्ण झाकला गेला आहे. पाच आठवड्यांतच मिळून आला होता. नर्सरीच्या जातीचे बाकीचे अजून दोन तृतीयांश. लव्हाळा ११ तारखेला ५८.

२ सप्टेंबर, पोळा

तोरणातून बैल घरी आले. दोन जोड्या. मागच्या वर्षी पूजा लॉनवरच केली होती आणि ओल्या काळ्या मातीत खुरांचे खड्डे पडून पुढे ते दगडासारखे वाळले होते. पहिल्या चट्ट्यात त्याचाही वाटा असणार. या वर्षी बैल कडुनिंबाखालच्या अंगणात उभे राहिले. आत्याबाईंनी सकाळीच सारवून रांगोळी काढली होती. त्यांनी पाय धुतले, मामाजींनी पुरणपोळी भरवली. त्या जागेला दुसरं काहीच शोभलं नसतं.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

गल्लीतली नऊ पोरं आपापले लाकडी बैल घेऊन आली. आमची सगळ्यांत लहान. दोरी ओढत लॉनवर धावली, अनवाणी. एकदाही थांबली नाही.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

कापणी दहा दिवस थांबवली होती, कोवळ्या तीन पानी तुऱ्या वर याव्यात म्हणून. पहाटे २१ दूर्वांच्या जुड्या आपल्या लॉनमधून खुडल्या. शेजारच्या काकू, समोरच्या वहिनी, सगळ्यांनी नेल्या. मामाजी बघत होते. वावरातून आयुष्यभर उपटलेली हराळी त्यांनी दोन्ही हातांनी देवाला वाहिली.

६ ऑक्टोबर

लव्हाळ्याच्या गाठी आत्याबाईंनी फेकू दिल्या नव्हत्या. टिनावर कडकडीत वाळवलेल्या पाऊण किलो भरल्या. यालाच नागरमोथा म्हणतात. उटण्यात पडतो तो. धुऊन, केस जाळून, कुटून ठेवल्या. घरभर वास आहे. दिवाळीचं उटणं यंदा विकत आणायचं नाही.

२० ऑक्टोबर

कापणीची उंची. मागच्या वर्षी आम्ही अर्ध्या इंचावर कापायचो, स्वच्छ दिसतं म्हणून. मातीपर्यंत ऊन जायचं आणि तणाचं बी उगवायचं. आता हातमशीन दीड ते दोन इंचावर ठेवते, आणि एका वेळी उंचीचा तिसरा भागच कापते. वाढ जास्त झाली असली तर दोन हप्त्यांत. पातं धारदार लागतं, बोथट पात्याने टोकं फाटून तपकिरी होतात.

सातव्या चट्ट्यात नवीन गवत पिवळं, शिरा मात्र हिरव्या. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी फवारलं. फरशीवर डाग पडतात, म्हणून आधी पोती अंथरली.

समोर सोयाबीनचं मळणीयंत्र दोन दिवस चाललं. सगळं कुटार (भुसा) वाऱ्याने लॉनवर. त्यात सोयाबीनबरोबर कापल्या गेलेल्या तणांचं बीही असतं. लगेच खराट्याने झाडून उचललं. पुढच्या वर्षी त्या बाजूला जुनं लुगडं बांधायचं.

लव्हाळा : १२.

१५ डिसेंबर

थंडी. गवत भुरकट, वाढ बंद. खत नाही, कापणी नाही. या दिवसांत युरिया टाकला तर तो हिवाळी तणाच्या कामाला येतो. लव्हाळाही वरून दिसत नाही, पण खाली आहे.

२३ मार्च २०२५, रविवार

पुन्हा सुतळी, पुन्हा मोजणी. कडुनिंबाखालचे ९ चौकोन वगळून लॉनचे ७१. उघडी माती ६ चौकोनांत : दोन फाटकाशी, फरशीच्या कडेला, जिथे पाऊल फरशीवरून सरकतं; एक भिंतीलगत; तीन सहाव्या चट्ट्यात. तिथे खणलं तर आणखी सिमेंट. मागच्या वर्षी नऊ इंचांवर थांबले होते, ते एक फुटापर्यंत आहे. सराट्याचं एकही रोप नाही. लव्हाळा तीन चौकोनांत, ७ कोंब.

धुऱ्याची हरळी टिकली सगळ्यांत चांगली. भेगा तिच्याखालीही पडल्या, पण तिची मुळं भेगेच्या दोन्ही अंगांना खोल धरून आहेत. रंग थोडा फिका आणि पान खरबरीत. मला चालतं. सहाव्या चट्ट्यात तीच लावायची.

सहाव्याचं खणणं पुढच्या रविवारी, पाडव्याला गुढी उभी करून झाली की. मामाजींनी सब्बल लोहाराकडे टोक काढायला दिली आहे.